जॅकला मशीन लावायचंय? ड्रिल की इम्पॅक्ट रेंच

मागे धुळ्याचा एक मुलगा जळगावला माझ्या दुकानात आला. आयटीआय झालेला, जुनी बाईक, मागे पेटी. धुळे ते पारोळा पट्ट्यात जागेवर जाऊन कारची स्टेपनी बदलून द्यायची, असा त्याचा धंदा ठरला होता. म्हणाला, "दादा, जॅक फिरवायला सगळ्यात मोठं बॅटरीवालं ड्रिल द्या." मी दिलं नाही. का, ते सांगतो.

आधी जॅक समजून घ्या. कारसोबत येतो तो कात्री जॅक. मधला स्क्रू फिरला की कात्री उभी होते. कात्री चपटी असते तेव्हा सगळ्यात जास्त जोर लागतो. एका कोपऱ्यावर 300 किलो वजन धरा. कात्रीचे हात 20 अंशांवर असतील तर स्क्रूवर 800 किलोच्या वर ताण येतो. 45 अंशांवर तोच 300 वर येतो. म्हणजे सुरुवातीला साधारण 20 न्यूटन मीटर टॉर्क, नंतर सातेक. आटे कोरडे, गंजलेले असतील तर याच्या कितीतरी पुढे. म्हणून मशीनच्या आधी ग्रीस घ्या, आणि जॅकखाली घालायला जाड, रुंद फळी. जॅक वर बसला की चपट्या अवस्थेतला तो जड भाग टळतो. या दोन वस्तूंना काय पैसे लागतात?

आता ड्रिल. 18 व्होल्टचं बरं ड्रिल 50-60 न्यूटन मीटर देतं, म्हणजे जॅक फिरतो. पण जॅक मध्येच अडकला की ड्रिल थांबत नाही, ते तुमचं मनगट फिरवतं. माझं आठ दिवस बांधलेलं होतं! इम्पॅक्ट रेंच आतल्या हातोडीने बारीक बारीक ठोके देत फिरतं, हाताला झटका कमी बसतो. तोटाही आहे: ठोक्यांनी जॅकचे आटे आणि पिना लवकर झिजतात. ट्रिगर हलका दाबा, आणि वरचं-खालचं टोक यायच्या आधी थांबून उरलेलं हाताने फिरवा.

खरा फरक नटांमध्ये आहे. कारच्या चाकाचे नट साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा). गंजलेला नट सोडवायला त्याहून जास्त लागतं. तिथे ड्रिल हात टेकतं. छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर जॅक उचलेल, पण हट्टी नटाला कमी पडेल. अर्धा इंची, 300 न्यूटन मीटरच्या आसपासचं इम्पॅक्ट रेंच दोन्ही कामं करतं. गोटी मात्र काळी, इम्पॅक्टची घ्या. चकचकीत साधी गोटी ठोक्यांनी तडकते. जॅकच्या टोकाला नट नसून कडी असेल तर वेल्डिंगचा जुगाड आकडा लावू नका, सुटला तर पायावरच येतो. आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, हाताने.

बाजारात डब्यावर 48, 88, 128 असे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नका. बॅटरीत पाच सेल एका ओळीत असतील तर ती 18 व्होल्टचीच. पूर्ण चार्ज असताना पाच गुणिले 4.2, म्हणजे 21. म्हणून 18, 20 आणि 21 ही एकाच बॅटरीची तीन नावं. व्होल्ट सोडा, अँपिअर-अवर विचारा. आणि आपल्याकडचा मे महिना माहितीये ना? बॅटरी उन्हातल्या पेटीत ठेवू नका, तापलेली असताना चार्जला लावू नका.

आता हिशोब. मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर मिळून समजा 14,000. एका फेरीला 300 घेतले, पेट्रोल-खर्च जाऊन 150 उरले, तर मशीनचे पैसे निघायला 94 फेऱ्या. तो म्हणाला, रोज दोन मिळतील. मी म्हटलं, एक धर. म्हणजे तीन महिने. आणि मशीन वाचवतं किती? दोन-तीन मिनिटं. भाऊ, हायवेवर उभा असलेला गिऱ्हाईक त्या मिनिटांचे पैसे देत नाही, तू पोहोचलास याचे देतो.

त्याच्याकडे तेव्हा 9,000 होते. त्यात त्याला दणकट जॅक, जॅक स्टँड, चाकाला लावायचे ठोकळे, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच आणि परावर्तक त्रिकोण दिला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, हे दोनदा वदवून घेतलं. मालट्रकच्या नादी लागू नको, हेही सांगितलं. तिथे हायड्रॉलिक जॅक लागतो आणि हे मशीन त्याच्या कामाचं नाही.

पहिल्या महिन्यात त्याच्या 31 फेऱ्या झाल्या. चौथ्या महिन्यात इम्पॅक्ट रेंच न्यायला आला, तेव्हा व्होल्ट न विचारता आधी बॅटरी हातात घेऊन अँपिअर-अवर वाचले. एकच बॅटरी घेतली. दुसरी दिवाळीनंतर, म्हणाला.