इस्त्री, तांबे आणि वालधुनी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पीसीबीवर, म्हणजे मुद्रित मंडलावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ही विद्या मुळात छपाईचीच आहे. ऑस्ट्रियन अभियंता पॉल आयस्लर याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छपाईच्या तंत्राने असे मंडल तयार करून रेडिओत बसवले.

बदलापूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माझ्या काकांनी आमच्या अंबरनाथच्या घरी मला ही कृती शिकवली. टोनर ही शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची बारीक भुकटी. ती उष्णतेने वितळते व चिकटते. म्हणून लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सचीच प्रत लागते, इंकजेटची चालत नाही.

तांब्याच्या बाजूने आकृती जशी दिसायला हवी, तिचे आरशातले प्रतिबिंब गुळगुळीत कागदावर छापावे. मी हे विसरलो आणि आयसीचे सगळे पाय उलटे आले! बोर्ड घासणीने लख्ख करावा, त्यावर कागद पालथा ठेवून कडक तापलेली कोरडी इस्त्री चार-पाच मिनिटे दाबून फिरवावी. निवाल्यावर पाण्यात भिजवून कागद अलगद चोळून काढावा. तुटलेल्या रेषा पक्क्या शाईच्या मार्करने जोडाव्यात.

मग हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या भांड्यात फेरिक क्लोराइडचे द्रावण घ्यावे. त्यात उघडे तांबे विरघळते, टोनरखालचे टिकते. शेवटी थिनरने टोनर पुसावा व एक मिलिमीटरच्या आसपासची भोके पाडावीत.

पहिला बोर्ड झाल्यावर उरलेले द्रावण मी मोरीत ओतायला निघालो. काकांनी हात धरला. "अरे, ही मोरी कुठे जाते?" मला उत्तर माहीत होते: नाल्यात, आणि नाला वालधुनीत. २०१४ साली उल्हासनगरला याच वालधुनीत कोणी रसायने सोडली, वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. माझी वाटी लहान, पण त्यातले तांबे माशांना विषच.

द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येते. निकामी झाल्यावर धुण्याचा सोडा थोडाथोडा घालावा. फेस येतो आणि तांबे गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ बाटलीत बंद करून घातक कचरा म्हणूनच द्यावा.

शके ९८२ मधले आपले शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी उभे आहे. माझा दिवा लुकलुकला, याचा आनंद झालाच. पण मित्रहो, ती बाटली मोरीत रिकामी केली नाही, याचे समाधान मला अधिक वाटते.