परमुलखातील सेवा : मदयनच्या पाणवठ्याचा धडा

दिव्य कुरआनच्या सूरह कसस (२८ : २१-२८) मध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनमधील आगमनाचे वर्णन आले आहे. जीव वाचवण्यासाठी त्यांनी इजिप्त सोडला होता आणि परक्या मुलखात ते निराधार होते. पाणवठ्यावर लोक जनावरांना पाणी पाजत होते. दोन स्त्रिया मात्र आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांची अडचण विचारली. वडील वृद्ध असल्याने हे काम आपल्यावर आले आहे आणि गुराखी निघून गेल्याखेरीज आपल्याला पाणी पाजता येत नाही, असे त्यांनी सांगितले. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मग ते सावलीत गेले आणि आपली गरज त्यांनी केवळ अल्लाहपुढे मांडली.

या प्रसंगात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. स्वतः स्थिरस्थावर होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आधी विचारपूस केली, मग मदत केली. आणि मोबदला मागितला नाही. आश्रय, विवाह आणि आठ-दहा वर्षांच्या चाकरीचा करार हे सारे त्यानंतर घडले.

रत्नागिरी-रायगडमधील अनेक मुस्लिम कुटुंबांतील कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरी करतो. तो घरी पैसे पाठवतो, गावच्या मशिदीला व मदरशाला हातभार लावतो. हे पुण्यकर्मच आहे. परंतु तो ज्या शहरात राहतो, तेथील कामगार वसाहतीत नेपाळ, बांगलादेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला मजूर राहतो. त्याला करारातील अरबी-इंग्रजी मजकूर वाचता येत नाही. शेजाऱ्याचा हक्क गावाकडे पैसे पाठवून फिटत नाही.

अशा मजुराला बहुधा पैशांहून माहितीची गरज अधिक असते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवणे तेथे बेकायदेशीर आहे. भारतीय दूतावासांमार्फत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी चालतो. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयाला त्यातून तात्पुरता निवारा, औषधोपचार, कायदेविषयक साहाय्य आणि परतीचे तिकीट मिळू शकते. हे समजावून सांगणे, अर्ज लिहून देणे, सुट्टीच्या दिवशी रुग्णालयात सोबत जाणे, हीदेखील सदकाच होय.

परक्याच्या हक्कासाठी उभे राहणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत आहे. जुबैद येथील एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका सरदाराने घेतला आणि किंमत दिली नाही. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी हिल्फुल फुजूल हा करार झाला. पीडित कोणीही असो, त्याला हक्क मिळवून द्यायचा, असे ठरले. तरुण वयातील प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि प्रेषितत्वानंतरही त्यांनी या कराराचा गौरव केला. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असा इशाराही हदीसमध्ये (बुखारी) आहे.

या सेवेला मर्यादा आहेत. सूरह माइदा (५ : १) करार पाळण्याची आज्ञा देते, व्हिसा हाही एक करारच आहे. अमिरातीत परवान्याविना देणग्या गोळा करणे गुन्हा आहे. म्हणून सामुदायिक काम मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करावे. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढून ते मिरवू नये. सूरह दहर (७६ : ८-९) मध्ये गरीब, अनाथ व कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे, ते ना मोबदला इच्छितात, ना आभार. तेथे धर्माची अट घातलेली नाही.

यात घरच्यांचाही वाटा आहे. फोनवर पगार, सुट्टी आणि घराचे बांधकाम यांची चौकशी आपण करतोच. त्यासोबत, आजूबाजूच्या मजुरांपैकी कोणाचा पगार अडला आहे का, कोणी आजारी आहे का, हेही आई-वडिलांनी विचारावे. ज्या मुलाला घरातून हा प्रश्न विचारला जातो, त्याच्या सेवेच्या पुण्यात ते घरही सहभागी होते.

अल्लाह आपल्या परदेशस्थ बांधवांचे रक्षण करो आणि त्यांना दुर्बलांचा आधार बनण्याची तौफीक देवो. आमीन.