गुणोत्तराची उदाहरणे : दिलेली माहिती पुरेशी आहे काय?

अंकगणिताच्या तासाला फळ्यावर दोन संख्या मांडल्या की विद्यार्थी प्रश्न पुरता न वाचताच बेरीज किंवा गुणाकार करू लागतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्राथमिक शाळेतील मुलांना असे विचारण्यात आले की, जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या असल्यास कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी याच संख्यांवरून वय काढून दिले! दोष मुलांचा नव्हे. प्रत्येक उदाहरणास उत्तर असलेच पाहिजे, ही सवय आपणच त्यांना लावतो. 'सांगता येत नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे शून्य गुण दिले आहेत. त्यांतील काही उत्तरे बरोबर होती.

ही सवय मोडण्यास गुणोत्तराचा पाठ फार सोयीचा आहे. फळ्यावर पुढील प्रश्न लिहावा : एका वर्गातील मुलगे व मुली यांचे गुणोत्तर ४:३ आहे, तर मुली किती?

मुलांना चिंचोके व मणी द्यावेत. चार चिंचोके म्हणजे चार मुलगे आणि तीन मणी म्हणजे तीन मुली, असा एक गट मांडावयास सांगावे. मग दोन गट, तीन गट. प्रत्येक वेळी गुणोत्तर तेच राहते; संख्या मात्र बदलते. म्हणजे एवढ्या माहितीवरून उत्तर निघत नाही. तथापि काहीच कळत नाही असेही नव्हे. मुलींची संख्या ३ च्या पटीत, मुलग्यांची ४ च्या पटीत आणि वर्गाचा पट ७ च्या पटीत असला पाहिजे, एवढे निश्चित होते. अर्धी मुलगी वर्गात बसत नाही, ही न सांगितलेली माहितीही आपल्या हाताशी असते.

आता दोन विधाने द्यावीत. (अ) मुली २० पेक्षा कमी आहेत. (आ) मुलगे २० पेक्षा अधिक आहेत.

केवळ (अ) घेतल्यास मुली ३, ६, ९, १२, १५ किंवा १८ असू शकतात. माहिती अपुरी. केवळ (आ) घेतल्यास मुलगे २४, २८, ३२ असे कितीही पुढे जाऊ शकतात. तीही अपुरी. दोन्ही एकत्र घेतली की पहिल्या विधानाने सहापेक्षा अधिक गट होत नाहीत आणि दुसऱ्याने सहापेक्षा कमी होत नाहीत. पाच गटांत मुलगे बरोबर २० होतात. ते २० पेक्षा अधिक नव्हेत, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. सहा गट, म्हणून मुलगे २४ व मुली १८.

दुसरे विधान तपासताना पहिले मनात रेंगाळते आणि विद्यार्थी नकळत दोन्ही एकत्र वापरतो. येथे हमखास चूक होते. त्यावर साधा उपाय म्हणजे पहिले विधान पाटीने झाकून ठेवावे.

हेच आकडे आता शाळेच्या बागेत न्यावेत. माती व शेणखत यांचे वजनी प्रमाण ४:३; माती २० किलोहून अधिक, शेणखत २० किलोहून कमी. येथे दोन्ही विधाने मिळूनही माहिती अपुरीच राहते. माती २१ किलो असेल तर शेणखत १५.७५ किलो, २४ असेल तर १८, २६ असेल तर १९.५, किलोचे तुकडे होतात, मुलांचे होत नाहीत. वस्तू मोजावयाची आहे की मापावयाची आहे, हे विद्यार्थ्याने प्रथम विचारले पाहिजे. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारीच मांडावीत. एकट्या उदाहरणाने हा भेद ठसत नाही.

आणखी एक खाच सांगणे अवश्य आहे. वर्गाचा पट ४० व ५० यांच्या दरम्यान आहे असे म्हटल्यास ४२ व ४९ अशी दोन उत्तरे संभवतात. परंतु तेच गुणोत्तर ८:६ असे लिहून पाहा. चपळ विद्यार्थी ८ व ६ मिळवून १४ चे गट करतो, त्यास ४२ एवढेच सापडते आणि माहिती पुरेशी असल्याचे तो खात्रीने सांगतो. २८ मुलगे व २१ मुली यांचे गुणोत्तरही ८:६ च आहे, हे त्याच्या नजरेतून सुटते. गुणोत्तर आधी संक्षिप्त रूपात आणावे, हा नियम आपण पाठ करून घेतो. त्याचे कारण असे उदाहरण फसल्यावाचून मुलांना पटत नाही.

याउलट, ६ मुली नव्याने दाखल झाल्यावर दोन्ही संख्या समान झाल्या, हे एकच विधान पुरते. प्रत्येक गटात एक मुलगी कमी आहे. एकूण ६ कमी होत्या. म्हणून गट ६.

सरावासाठी : गावातील शेळ्या व म्हशी यांचे गुणोत्तर १०:४ आहे. म्हशी किती? (अ) शेळ्या ३० पेक्षा कमी आहेत. (आ) शेळ्या म्हशींपेक्षा १५ ने अधिक आहेत. येथे (आ) एकटे पुरेसे आहे, म्हशी १०. (अ) वरून १० असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यास, १० शेळ्या व ४ म्हशी का चालणार नाहीत, असे विचारावे आणि त्याला फळ्याजवळ थोडा वेळ उभे राहू द्यावे.