घराचा हक्क : अमेरिकेतील नागरी हक्क व गृहनिवासाच्या कायद्यांचा इतिहास



बडोद्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकला आहे. अमेरिका व इंग्लंड येथे शिकून परतलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले आणि राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले व त्यांना बाहेर पडावे लागले. ज्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, त्या दोघांनीही असमर्थता दर्शविली. कमाठी बागेत दिवस काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हा पाठ वर्गात शिकविताना एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी कोणीतरी विचारतो : "गुरुजी, बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले, तिथे काळ्या माणसाला घर मिळत होते का?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र एका तासिकेत बसत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे सविस्तर मांडीत आहे.

कायद्याचे पुस्तक उघडले तर उत्तर "होय" असे येते. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी लगोलग "ब्लॅक कोड" नावाचे कायदे करून मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा मळ्यावर जखडण्याचा घाट घातला. मिसिसिपी राज्याने तर शहराबाहेरची जमीन त्याने खंडाने घेण्यासही बंदी केली. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने एप्रिल १८६६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून, पहिला नागरी हक्क कायदा संमत केला. मालमत्ता विकत घेणे, भाड्याने घेणे, विकणे, बाळगणे आणि वारशाने मिळविणे याबाबत गोऱ्या नागरिकाला जो हक्क आहे तोच सर्व नागरिकांना राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. विषय तेथेच संपायला हवा होता. तो संपायला पुढे एकशेदोन वर्षे लागली, आणि नीट पाहिले तर तेव्हाही तो संपला नाही.

याचे कारण असे की, हक्क लिहिला गेला, पण तो मोडणाऱ्याला जाब विचारण्याचे काम पुढे नेटाने झाले नाही. १८७७ नंतर केंद्राचे सैन्य दक्षिणेच्या राजकारणातून मागे घेण्यात आले. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, समतेची चौदावी घटनादुरुस्ती राज्यसत्तेला बांधते, खासगी माणसाच्या भेदभावाला नाही. १८९६ च्या प्लेसी खटल्यात "वेगळे पण समान" या तत्त्वावर शिक्कामोर्तब झाले. १८६६ चा कायदा रद्द झाला नाही. तो ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहिला.

आता घराकडे वळू. १९१० साली बाल्टिमोर शहरात येल विद्यापीठातून कायदा शिकलेल्या जॉर्ज मॅकमेकन या कृष्णवर्णीय वकिलाने गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या रस्त्यावर घर घेतले. शहर एवढे खवळले की, त्याच वर्षी नगरपालिकेने कोणत्या गल्लीत कोणत्या वर्णाचे लोक राहतील हे ठरविणारा नियम केला. विद्येने दार उघडत नाही, हा अनुभव केवळ बडोद्याचा नव्हता. इतर शहरांनी बाल्टिमोरचे अनुकरण केले. त्यांपैकी लुईव्हिल शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९१७ रोजी, म्हणजे बडोद्याच्या प्रसंगाच्याच वर्षी, एकमताने रद्द ठरविला. मात्र या निकालातील गोम लक्षात घ्यावी. न्यायालयाला खटकले ते मालकाच्या विक्रीच्या स्वातंत्र्यावर आलेले बंधन. काळ्या माणसाचा अपमान हा त्या निकालाचा मुख्य आधार नव्हता.

त्यामुळे पळवाट सहज सापडली. सरकारला नियम करता येत नाही ना? मग शेजाऱ्यांनी आपापसांत करार करावा! खरेदीखतातच अट घालायची की, हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकले वा भाड्याने दिले जाणार नाही. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांत हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि ही अट देशभर पसरली. तिचे दुष्ट सामर्थ्य असे की, ती जमिनीबरोबर चालते. आजोबांनी सही केली की नातवाचेही हात बांधले गेले.

१९३४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने, म्हणजे एफएचएने, या अटीला सरकारी बळ दिले. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. बँकेच्या कर्जाला विमा देत असे. त्या भरवशावर बँका थोड्या आगाऊ रकमेवर व लांब मुदतीने कर्ज देऊ लागल्या आणि सामान्य कामगारालाही स्वतःचे घर घेता येऊ लागले. परंतु कोणत्या वस्तीत कर्ज सुरक्षित मानावे यासंबंधीच्या तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेत वंशमिश्रण हा धोका ठरविला होता आणि खरेदीखतातील वांशिक अटीची शिफारस केलेली होती. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी महामंडळाने शहरांचे चार रंगांचे नकाशे तयार केले : हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरता, तांबडा धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगात गेल्या. "रेडलायनिंग" हा शब्द या तांबड्या रेषेवरून आला. घर हीच मध्यमवर्गाची मुख्य पुंजी असते. मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च त्याच पुंजीतून निघतो. म्हणून ज्या पिढीला ते कर्ज नाकारले गेले, तिच्या नातवंडांचे नुकसान आजही मोजता येते.

या भिंतीला पहिले मोठे भगदाड सेंट लुईस शहरात पडले. मिसिसिपीहून आलेले शेली दांपत्य मुलाबाळांसह तेथे राहत होते. १९४५ साली त्यांनी लबाडी ॲव्हेन्यूवर घर घेतले. (रस्त्याचे हे नाव मराठी कानाला विचित्र वाटेल, पण ते खरोखरच तसे आहे.) त्या घरावर १९११ साली पन्नास वर्षांसाठी घातलेली अट होती : कृष्णवर्णीय अथवा मंगोल वंशाच्या माणसाने येथे राहू नये. शेजाऱ्यांनी दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शेली हरले. पुढे ३ मे १९४८ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या खुबीने निकाल दिला. खासगी लोकांनी करार केला तर करोत. परंतु तो अमलात आणण्यासाठी न्यायालयाने माणसाला घराबाहेर काढणे ही राज्यसत्तेची कृती होय, आणि राज्यसत्तेला ती चौदाव्या घटनादुरुस्तीने वर्ज्य आहे. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या सुनावणीपासून दूर राहिले. त्यांची स्वतःची घरे अशाच अटींखाली असावीत, असा तर्क तेव्हापासून केला जातो. याच निकालात डेट्रॉइटचा एक जोडखटला होता. त्याची बाजू मांडणारे वकील थर्गुड मार्शल पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

या घडामोडींकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निग्रो जनतेच्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांची व अमेरिकेतील निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच आहे, असा त्या पत्राचा आशय होता. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आपुलकीने उत्तर दिले. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी, हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू देणाऱ्या अनुच्छेदाला (आजचा अनुच्छेद ३२) संविधानाचे हृदय व आत्मा म्हटले. १८६६ च्या अमेरिकी कायद्याची कथा वाचल्यानंतर त्यांच्या या आग्रहाचा अर्थ अधिक उमगतो.

शेली निकालाने करार निर्जीव झाला. दलालाचे खोटे बोलणे मात्र चालूच राहिले. "जागा कालच गेली" हे वाक्य कोणत्या न्यायालयात पकडणार? केनेडी यांनी निवडणुकीत सांगितले होते की, सरकारी मदतीच्या घरांतील भेदभाव लेखणीच्या एका फटकाऱ्याने मिटविता येईल. निवडून आल्यावर तो फटकारा लवकर मारला जाईना, तेव्हा लोकांनी त्यांना टपालाने लेखण्या पाठविल्या! नोव्हेंबर १९६२ मध्ये आदेश निघाला, पण मर्यादित. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे, शाळा व नोकऱ्या यांची दारे उघडली. १९६५ च्या कायद्याने मतपेटीचे. घर तेवढे राहिले. उलट १९६४ सालीच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्याचा नवा गृहनिवास कायदा मोठ्या बहुमताने निष्प्रभ केला. तो कौल पुढे न्यायालयांनी घटनाबाह्य ठरविला, ही गोष्ट वेगळी. शेजारच्या टेबलावर जेवणारा माणूस चालतो, शेजारच्या घरात राहणारा चालत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

जानेवारी १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गरीब वस्तीत राहावयास गेले. ऑगस्टमध्ये मार्केट पार्क भागात मोर्चा काढताना त्यांच्या डोक्यावर दगड बसला. मिलवॉकी शहरात व्हेल फिलिप्स या नगरसेविकेने १९६२ पासून चार वेळा ठराव मांडला. चारही वेळा त्याच्या बाजूने फक्त त्यांचे एकटीचे मत पडले, विरुद्ध अठरा. मग ऑगस्ट १९६७ पासून तेथील तरुणांनी फादर ग्रोपी या धर्मगुरूंसह सलग दोनशे रात्री मोर्चे काढले. इतिहासाच्या पुस्तकांत वॉशिंग्टनच्या विराट सभेला पाने मिळतात. मिलवॉकीच्या त्या दोनशे थंड रात्रींना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. मला स्वतःला त्या रात्री अधिक मोलाच्या वाटतात.

सिनेटमध्ये विधेयक मारण्याची रीत म्हणजे भाषण संपवायचेच नाही. १९६६ चे गृहनिवास विधेयक असेच गेले. १९६८ साली वॉल्टर मॉन्डेल व एडवर्ड ब्रुक यांनी ते पुन्हा आणले. ब्रुक हे लोकमताने निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. महायुद्धातून परतल्यावर कुटुंबासाठी मनाजोगते घर मिळाले नाही, ही हकीकत त्यांनी सभागृहात सांगितली. चर्चा थांबविण्याचा ठराव तीनदा पडला, चौथ्या वेळी, ४ मार्चला, संमत झाला. विधेयक प्रतिनिधिगृहात अडकले असताना ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली आणि शहरे पेटली. १० एप्रिलला ते २५० विरुद्ध १७२ मतांनी संमत झाले. ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. वंश, वर्ण, धर्म अथवा मूळ देश यांवरून घर विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देणे, जागा असून नाही म्हणणे, जाहिरातीत भेद करणे, कर्ज नाकारणे हे सर्व बेकायदा ठरले. दोन महिन्यांनी, पुन्हा सेंट लुईस भागातूनच आलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १८६६ चा कायदा खासगी विक्रेत्यालाही लागू होता. कपाटातील पुस्तक अखेर उघडले गेले.

तरी नव्या कायद्याला दात नव्हते. तडजोड म्हणून स्वतः मालक राहत असलेल्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या घरांना सूट मिळाली. केंद्रीय गृहनिर्माण खात्याला फक्त समेट घडवून आणण्याचा अधिकार होता. दंड करण्याचा नव्हता. पीडितानेच वकील करावा, त्यानेच पुरावा आणावा. हा दोष १९८८ च्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी दूर झाला : खात्यामार्फत सुनावणी, दंड, तक्रारीस एक वर्षाची मुदत, आणि अपंग व्यक्ती व मुले असलेली कुटुंबे यांनाही संरक्षण. स्त्रियांविरुद्धचा भेद १९७४ सालीच समाविष्ट झाला होता.

पुराव्याचा प्रश्न संघटनांनी युक्तीने सोडविला. सारखे उत्पन्न, सारखी नोकरी असलेले दोन स्वयंसेवक, एक गोरा व एक काळा, एकाच मालकाकडे थोड्या अंतराने जातात आणि कोणाला काय सांगितले हे लगेच लिहून काढतात. अशा परीक्षकाला घर घ्यायचे नसले, तरी खोटी माहिती मिळाल्याबद्दल त्याला दावा करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या हॅवन्स खटल्यात मान्य केले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी खोली शोधीत होतो. भाडे ठरले, अनामत ठरली, चहाही झाला, मग मालकांनी "पूर्ण नाव काय म्हणालात?" असे विचारले आणि खोली दुसऱ्या कोणाला तरी शब्द दिलेली निघाली. पुरावा म्हणून माझ्याजवळ काय होते? रिकामा कप.

आपल्या शाळेतील काही मुले आज परदेशी नोकरी करीत आहेत, म्हणून शेवटी एवढे नमूद करतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात "जात" हा शब्द नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल नगर परिषदेने, पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावरून, जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. तीत नोकरीबरोबर घरही येते. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. त्यामुळे अन्यत्र बहुतेक ठिकाणी राहणाऱ्याला धर्म, वंश किंवा मूळ देश अशा आधारांवर दाद मागावी लागते. तक्रार करावयाची झाल्यास घर पाहिल्याची तारीख व वेळ, भेटलेल्या माणसाचे नाव, त्याने उच्चारलेले नेमके शब्द आणि मूळ जाहिरात त्याच दिवशी लिहून व जपून ठेवावी. खात्याकडील एक वर्षाची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.