भरभर बोललेले इंग्रजी कानाला कसे उमगावे?

नोकरीसाठी दुबईला गेलेल्या आपल्या मुलांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते : "इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, पण समोरचा भरभर बोलू लागला की काही कळत नाही." ही उणीव बुद्धीची नव्हे, कानाच्या सवयीची आहे. आणि सवय लावता येते.

दुबईतील रास अल खोर हा भाग घ्या. नावाचा अर्थ खाडीचे टोक. एका बाजूला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य, दुसऱ्या बाजूला गॅरेजे, कारखाने आणि वखारी. अशा ठिकाणी इंग्रजी बोलणारा मनुष्य क्वचितच इंग्रज असतो. कोणी केरळचा, कोणी फिलिपाईन्सचा, कोणी इजिप्तचा. प्रत्येकाचा उच्चार निराळा, आणि कामाच्या घाईत वेग मात्र सर्वांचाच दांडगा!

आपले अडते कोठे, हे आधी पाहू. आपण लिहितो 'तो आला आहे', पण बोलतो 'तो आलाय'. 'कुठे आहे' याचे 'कुठाय' होते. पुस्तकावरून मराठी शिकलेला परका मनुष्य त्यात 'आहे' शोधत बसेल. इंग्रजीच्या बाबतीत आपली हीच गत होते. 'पिक इट अप' कानावर 'पिकिटप' असे येते, 'टेल हिम'चे 'टेलिम' होते, 'गोइंग टू'चे 'गना'. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो व मधले लहान शब्द गिळले जातात. म्हणून प्रत्येक शब्दामागे धावू नये. एका हुकलेल्या शब्दाचा विचार करीत राहिलो, तर पुढचे वाक्यही निसटते. जोराचे शब्द पकडावेत.

दोन जोड्या विशेष ध्यानात ठेवाव्यात. 'फिफ्टीन' म्हणताना जोर सहसा शेवटी, 'टीन'वर असतो. 'फिफ्टी' म्हणताना आरंभी. 'यू कॅन लिफ्ट इट' यातील 'कॅन' भरभर बोलताना 'कन' असा पुसट होतो. 'कान्ट' मात्र ठसठशीत उच्चारतात. 'कान्ट'मधला 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही. म्हणून 'ट'ची वाट न पाहता जोर ओळखावा.

आता रोजचा पंधरा मिनिटांचा अभ्यास :

१. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'सारख्या, छापील मजकूर सोबत मिळणाऱ्या कार्यक्रमातील एकच मिनिट घ्यावे. मजकूर न पाहता तीन वेळा ऐकावे व कळेल तेवढे लिहावे.

२. मग मजकुराशी ताडून पाहावे. जे शब्द हुकले त्यांखाली रेघ ओढून तेवढाच भाग पुन्हा ऐकावा.

३. शेवटी बोलणाऱ्याबरोबर त्याच वेगाने मोठ्याने म्हणावे. जीभ जे शब्द जोडावयास शिकते, ते कान लवकर ओळखतो.

४. सावकाश इंग्रजी ही केवळ शिडी समजावी. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९५९ साली सुमारे दीड हजार शब्दांत, मंद गतीने बातम्या देण्यास आरंभ केला. नवशिक्यास असे ऐकणे उपयोगी आहे. पण त्यावरच थांबल्यास कामावरचे बोलणे परकेच राहील.

५. कामावर आकडा, जागा किंवा मनाई सांगितली गेली, की ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावी : "फिफ्टीन, वन फाइव्ह?" वैमानिकांनाही उंचीचा आकडा असाच परत म्हणावा लागतो.

हे किती गंभीर आहे ते पाहा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. त्यांत आखातात कामाला निघालेले अनेक भारतीय होते. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते, आणि वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हेही चौकशीत एक कारण ठरले. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना इंग्रजी बोलण्याची व समजण्याची ठराविक पात्रता आवश्यक झाली.

आपल्या हाती विमान नसेल, पण क्रेन असेल, जॅकवर चढविलेली गाडी असेल. न कळता 'येस सर' म्हणणे ही सभ्यता नव्हे. पुन्हा विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलाने हे एक वाक्य तरी कानाशी आणि जिभेशी पक्के करून जावे : "प्लीज से इट अगेन, स्लोली."