न्यूयॉर्क ते मुंबई : अंतर, वेळ आणि तिथी

अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे कुलधर्म-कुलाचारासाठी महाराष्ट्रात येतात. अभिषेक वा पूजेचा दिवस आधी ठरलेला असतो. परंतु प्रवासाच्या हिशोबात एका दिवसाची चूक झाली, तर एवढ्या दूरवरून येऊनही तो मुहूर्त हुकतो. म्हणून हा हिशोब समजून घेणे हिताचे ठरते.

न्यूयॉर्क व मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर या दोन शहरांना जोडणारी रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग मात्र उत्तरेकडे वळून ६५ अंश अक्षांशाच्या आसपास पोहोचतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास हे सहज पटते.

प्रत्यक्ष विमान नेहमीच या मार्गाने जाऊ शकत नाही. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमान कंपन्यांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी वळसा पडतो आणि प्रवास लांबतो.

थेट विमानाने न्यूयॉर्कहून मुंबईस येण्यास साधारणतः चौदा ते पंधरा तास लागतात. परतीस सुमारे सोळा तास. हा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे येताना विमानास साथ देतात व जाताना विरोध करतात, हे याचे मुख्य कारण होय.

यात घड्याळाचा फरक मिळवावा लागतो. भारताची वेळ न्यूयॉर्कपेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

उदाहरणार्थ, हिवाळ्यात शुक्रवारी रात्री नऊ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईस उतरले, तर येथे शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतात. पुढे पंढरपूर वा कोल्हापूर गाठण्यास मोटारीने सात-आठ तास लागतात. म्हणजे रविवारी पहाटेची पूजा साधणे कठीण. सोमवारची ठरविणे श्रेयस्कर. वाटेत विमान बदलावयाचे असल्यास आणखी एक दिवस हाताशी ठेवावा.

तिथीबाबतही दक्षता हवी. तिथीचा आरंभ व समाप्ती हे क्षण साऱ्या जगासाठी एकच असतात. दिवसाची तिथी मात्र स्थानिक सूर्योदयावरून ठरते. समजा, एकादशी भारतात रविवारी दुपारी दोन वाजता संपते. त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये रविवारची पहाटे साडेतीनची वेळ असते, आणि तेथे सूर्योदयापूर्वीच द्वादशी लागलेली असते. त्यामुळे तेथील पंचांगात एकादशी शनिवारी व येथे रविवारी येऊ शकते.

म्हणून परदेशस्थ भाविकांनी तिकीट काढण्यापूर्वी पूजेची तारीख महाराष्ट्रातील पंचांगावरून पाहावी, तिकिटावरील उतरण्याची तारीख निघण्याच्या तारखेपासून वेगळी वाचावी, आणि मधे विश्रांतीचा एक पूर्ण दिवस राखावा. वृद्ध आईवडील व लहान मुले बरोबर असतील, तर हा दिवस अधिकच मोलाचा ठरतो.