सर्वांगासनात वळलेली मान

एप्रिल महिना, सकाळचे साडेसहा. परभणीत त्या वेळेलाच अंगाला घाम सुटायला लागतो, म्हणून वसमत रोडवरच्या त्या घरात रात्री लावलेला कूलर तसाच घोंघावत होता. शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरलेली, शेजारी स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. सतरंजीवर उताणी झोपलेल्या बाईने कंबर उचलली, हातांचा टेकू दिला, पाय छताकडे गेले. पडद्यावरची शिक्षिका पुढचं काहीतरी सांगत होती, पण कूलरच्या आवाजात ते ऐकूच येईना. पाय असेच धरायचे की डोक्यामागे न्यायचे, हे बघायला त्या बाईने मान उजवीकडे वळवली.

मानेत उठलेली कळ थेट कोपरापर्यंत गेली. ती बाई म्हणजे या लेखाची लेखिका.

पुढचे तीन आठवडे तिला वेणी घालता आली नाही. कणकेची परात उचलायची तरी शेजारणीला हाक मारावी लागे. उजव्या हाताची दोन बोटं कधी बधिर, तर कधी मुंग्यांनी भरलेली. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि कारण समजावून सांगितलं. सर्वांगासनात मान पुढे पूर्ण वाकलेली असते आणि धडाचा भार खांद्यांवर व मानेवर येतो. त्या अवस्थेत मान वळवली की सगळा ताण मणक्यांच्या एकाच बाजूवर आणि मधल्या चकतीवर पडतो. म्हणून सर्वांगासनात मान हलवायची नाही, नजर छातीकडे ठेवायची. योग शिकवणाऱ्या कोणालाही हा नियम ठाऊक असतो. तिला तो मान धरल्यानंतर कळला.

तो व्हिडिओ तिने निवडला कसा होता? तीस दिवसांची मालिका, रोज वीस मिनिटं, बघणारे लाखोंनी. शिक्षिका चटपटीत, मागे डोंगर आणि धुकं. एवढं पुरेसं वाटलं. नवव्या दिवशी सर्वांगासन होतं. मान बरी झाल्यावर तिने तोच व्हिडिओ खुर्चीत बसून शांतपणे पुन्हा पाहिला. मान वळवू नका, हे त्यात कुठेही नव्हतं. हे आसन कोणी करू नये, तेही नव्हतं. खाली बारीक अक्षरांत इंग्रजीतली एक ओळ होती, वैद्यकीय सल्ला घ्या अशा अर्थाची. पहाटे उठून सतरंजी अंथरणारं कोण ती उघडून वाचतं?

त्यानंतर व्हिडिओ निवडायची तिची पद्धत पालटली. नवा व्हिडिओ आला की ती आधी तो चहा पीत, अंग न हलवता, शेवटपर्यंत बघते. मग मोबाइल पालथा घालून तोच व्हिडिओ नुसता ऐकते. ऐकून आसन नीट करता येत असेल तरच तो ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा. नुसतं ‘आता वर या’ म्हटल्याने काही कळत नाही. ‘श्वास सोडत कंबर उचला, तळहात पाठीला लावा, कोपरं खांद्यांच्या रुंदीएवढीच ठेवा, मान सरळ’ असं कानावर पडलं की मान वळवायची गरजच उरत नाही. मराठी व्हिडिओ शोधायचे ते यासाठी. हिंदी परभणीत सगळ्यांना कळते, पण उलटं असताना डोक्याला भाषांतराचं काम कशाला द्यायचं?

मराठीत याची जुनी शिस्तही आहे. योगाच्या मराठी पुस्तकांत आसनाची पूर्वस्थिती, आसन घेणं, आसनात थांबणं, आसन सोडणं आणि मग दक्षता, असा क्रम सापडतो. आसन सोडण्याला स्वतंत्र जागा असते, हे फार महत्त्वाचं. दुखापत पुष्कळदा घाईघाईने खाली येतानाच होते आणि व्हिडिओत नेमका तेवढाच भाग कापलेला असतो. शिक्षिका आसनात दिसते, पुढच्या क्षणी ती सरळ बसलेली असते. मधल्या वाटेने तुम्ही कसं यायचं, ते कोणी दाखवत नाही.

करून दाखवणं आणि शिकवणं यांत किती अंतर आहे, हे पाहायचं असेल तर 1938 सालची एक मूक कृष्णधवल फिल्म बघावी. तीत तिरुमलाई कृष्णम्माचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार आसनं करताना दिसतात. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण ती बघून घरी कोणी शिकू म्हणेल तर हाडं मोडून घेईल. हेच अय्यंगार 1937 मध्ये डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून पुण्याला आले आणि पुणेकरच झाले. पुढे शिकवता शिकवता त्यांनी पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या, घडी घातलेल्या घोंगड्या वापरायला सुरुवात केली. आलेल्या माणसाचं शरीर त्यांच्यासारखं लवचिक नव्हतं, म्हणून. त्यांच्या पद्धतीत सर्वांगासनाला खांद्यांखाली घोंगड्यांच्या घड्या घालतात आणि डोकं घड्यांच्या पुढे, खाली जमिनीवर राहतं, त्यामुळे मानेवरचा दाब कमी होतो. वसमत रोडवरच्या घरात घोंगड्या होत्या. ट्रंकेत होत्या.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हा त्यांनी योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं हे क्ष-किरणांनी तपासलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात मांडलं. आसन कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच इतक्या गांभीर्याने घेतला गेला होता. म्हणून आजच्या व्हिडिओत ‘कोणी करू नये’ हे वाक्य नसेल तर लेखिका तो पुढे बघतच नाही.

आणि ती यादी नुसती ऐकून सोडून द्यायची नसते, घरातल्या एकेका माणसाशी ताडून बघायची असते. डोळ्यांत काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर कपालभाती वर्ज्य. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने पाठीला बाक काढून पायाची बोटं पकडायचा हट्ट धरू नये, कारण वाकलेल्या मणक्यावर दाब येऊन तो चेपू शकतो. परभणीच्या बाजारात भाजी निवडताना आपण चार वांगी हातात घेऊन, उलटून बघतो. व्हिडिओ मात्र चित्र बघून उघडतो.

लेखिकेच्या सासूबाई पासष्टीच्या, गुडघ्यांनी बेजार. सुनेचं बघून त्याही एकदा वज्रासनात बसल्या आणि उठताना दोघांना हात द्यावा लागला. ‘मला खाली नको गं बसवू बाई,’ हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्यासाठी खुर्चीत बसून करायचे व्हिडिओ शोधले. तिथेही एक गोष्ट बघून घेतली, की खुर्ची विनाहाताची, न घसरणारी आणि भिंतीला टेकलेली आहे का. चाकांच्या खुर्चीवर बसून शिकवणारेही भेटले. ते बाजूला ठेवले.

नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर लेखिका आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम सुचवते. 21 जूनच्या योगदिनासाठी तो 2015 मध्ये तयार झाला. साधारण 45 मिनिटांचा, मान-खांदे-गुडघे मोकळे करण्यापासून सुरू होऊन ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, शवासन, नाडीशोधन, भ्रामरी असा जातो. हजारो अनोळखी माणसांनी मैदानात एकदम करायचा म्हणून बेतलेला असल्याने त्यात शीर्षासन नाही, सर्वांगासनही नाही. त्याच्या पुस्तिकेत दक्षतेच्या सूचनाही आहेत. दिसायला साधा आहे, आणि घरी एकटं करायला तो साधेपणाच हवा.

परभणीचं ऊनही विसरून चालत नाही. मे महिन्यात इथे पारा 44 अंशांपर्यंत चढतो. वातानुकूलित खोलीत किंवा थंड डोंगरात चित्रित केलेली, दम लागेपर्यंत चालणारी सत्रं इथल्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात करायची नाहीत. जोरकस भस्त्रिकाही त्या दिवसांत कमी करावी. शीतली प्राणायाम गारवा देणारा म्हणून हठयोगाच्या ग्रंथांत सांगितला आहे, तो उन्हाळ्यात बरा. शिवाय व्हिडिओ आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. नेटवर्क गेलं की पडद्यावर गोल फिरत राहतं आणि आपण पुढची सूचना येईल म्हणून आसनात ताटकळत राहतो.

एवढं सगळं पारखूनही एक अडचण उरतेच. आपली कोपरं फाकली आहेत, गुडघा आत पडला आहे, हे मोबाइलला कळत नाही. लेखिकेने त्यासाठी दोन गोष्टी केल्या. गावातल्या एका शिक्षिकेकडे आठ दिवस जाऊन तिने आपली सगळी आसनं तपासून घेतली. आणि आता महिन्यातून एकदा ती मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे लावते, बाजूने चित्रीकरण करते आणि नंतर बघते. त्रिकोणासनात पुढे झुकलेला आपला खांदा तिला असाच दिसला. तो झुकलेला आहे हे करताना जाणवत नव्हतं.

सकाळी साडेपाचला कूलर बंद होतो. मोबाइल आता स्टुलावर नसतो, पायांच्या पुढे भिंतीशी पालथा असतो. सासूबाई खुर्चीत, सून सतरंजीवर. सर्वांगासन तिने अजून परत केलेलं नाही. खांद्यांखालच्या घोंगड्यांची घडी किती जाड हवी, हे त्या शिक्षिका दिवाळीनंतर दाखवणार आहेत.